सायकलच्या हँडलवरचा साक्षीदार

कुंभकोणमहून सकाळी लवकर चेन्नईच्या रस्त्याने निघालात, की चोळपुरम मागे पडतं आणि साधारण अठरा किलोमीटरवर तिरुप्पनंदाळ लागतं. अरुणजटेश्वराचं प्राचीन देऊळ आणि काशी मठ यांच्यामुळे ओळखलं जाणारं हे गाव. नवग्रहांच्या यात्रेला येणारी मराठी मंडळी सूर्यनारकोविल आणि कंजनूरला जातात, ती ठिकाणंही याच परिसरात आहेत. पुढे कोळ्ळिडम नदीवरचा अणैक्करैचा बंधारा येतो. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी बांधलेला. त्यावरून जाणारा रस्ता अरुंद आहे आणि वाहनं मात्र आजच्या काळातली.

या रस्त्यावर सकाळी तुम्हाला सायकली दिसतील. शाळेच्या गणवेशातली मुलं, शेतावर निघालेले आजोबा, मागच्या कॅरिअरवर दुधाचा कॅन बांधलेले काका. तमिळनाडूत अकरावीच्या विद्यार्थ्यांना सरकार मोफत सायकल देतं. २००१-०२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींपासून ही योजना सुरू झाली आणि २००५-०६ पासून ती बाकीच्या मुला-मुलींपर्यंत गेली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. सायकल आली, शाळा जवळ आली. पण रस्ता तोच राहिला. त्याच रस्त्यावर लांब पल्ल्याची बस आहे, उसाची लॉरी आहे आणि उशीर झालेली मोटारही आहे.

तुमच्याही घरात कुणीतरी सायकल चालवत असेल. शाळेत जाणारी मुलगी, पहाटे व्यायामाला जाणारे बाबा, नाहीतर तुम्ही स्वतः. मग कधीतरी हा प्रश्न पडतोच : मोटारींना लावतात तसा छोटा कॅमेरा सायकलला लावावा का? स्वस्तात मिळतो का? आणि वेळ आलीच, तर त्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर थोडक्यात असं, की उपयोग होतो, पण कॅमेरा विकत घेताना आपण ज्या गोष्टी बघतो त्यांच्यामुळे नव्हे. कसं ते पाहू.

नंबर कळला, तर काय बदलतं?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. अपघातांच्या संख्येत तमिळनाडू पहिला होता. मृत्यूंमध्ये उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या पाठोपाठ महाराष्ट्राचा क्रमांक होता.

याच अहवालातला आणखी एक आकडा लक्षात ठेवा. तीस हजारांहून अधिक मृत्यू असे होते, जिथे धडक देणारा थांबलाच नाही. यालाच आपण 'हिट अँड रन' म्हणतो.

गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तर त्या कुटुंबाला काय मिळतं? १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये. रक्कम ठरलेली आहे. घरातला एकटा कमावता गेला तरी तेवढीच.

गाडीचा नंबर कळला, तर गोष्ट बदलते. प्रत्येक वाहनाला 'थर्ड पार्टी' विमा कायद्याने सक्तीचा आहे. नंबरवरून मालक सापडतो, मालकावरून विमा कंपनी सापडते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तिथे रक्कम ठरलेली नसते. गेलेल्या माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, उपचारांचा खर्च, आलेलं अपंगत्व असा सगळा हिशेब होतो. हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा असं कायद्यात म्हटलं आहे, म्हणून वकिलाकडे लवकर जायला हवं.

म्हणजे मधे उभं आहे काय? दहा अक्षरं-आकड्यांची एक पाटी. ती वाचता आली की न्यायाचा रस्ता उघडतो. सायकलवरच्या कॅमेऱ्याचं खरं काम हे आहे. सुंदर सूर्योदय टिपणं हे त्याचं जोडकाम.

शहरातली, अनुभवी मंडळीही या धोक्याबाहेर नाहीत. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर इंटेलचे भारतातले माजी प्रमुख अवतार सैनी यांच्या सायकलला मागून आलेल्या कॅबने धडक दिली. ते ६८ वर्षांचे होते आणि त्यांचा जीव वाचला नाही. ज्यांनी संगणकाच्या चिपवर आयुष्यभर काम केलं, त्या माणसाचा शेवट असा रस्त्यावर झाला. त्या दिवशी सोबत इतर सायकलस्वार होते, म्हणून घडलेलं सांगायला साक्षीदार होते. तिरुप्पनंदाळच्या वाटेवर एकटं जाणाऱ्या मुलीसोबत किंवा एखाद्या दूधवाल्यासोबत असं कोण असतं?

खर्चाच्या चार पायऱ्या

पहिली पायरी घरातच आहे. कपाटात पडलेला जुना स्मार्टफोन. हँडलला लावायचा क्लॅम्प दोन-चारशे रुपयांत मिळतो. फोन विमान मोडवर टाका, व्हिडिओ सुरू करा आणि निघा. पण दोन गोष्टी सांभाळा. उन्हात फोन तापतो आणि रेकॉर्डिंग मध्येच बंद पडू शकतं. दुसरं म्हणजे सततचा कंप. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना सावध केलं होतं, की मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाचा कंप फोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाच्या भागांना बिघडवू शकतो. सायकलला इंजिन नाही, पण आपल्याकडचे खड्डे आहेत. म्हणून रोजचा, महागडा फोन हँडलवर बांधू नका. जुनाच वापरा.

दुसरी पायरी साधारण पाच ते दहा हजार रुपयांची. एसजेकॅम, अकासो यांसारख्या कंपन्यांचे छोटे ॲक्शन कॅमेरे या किमतीत येतात. बहुतेकांसोबत पाण्यापासून वाचवणारी पारदर्शक डबी आणि सायकलला बसवायचा क्लॅम्प खोक्यातच मिळतो. सामान्य कुटुंबासाठी ही पायरी सगळ्यात व्यवहारी. याहून स्वस्त, दीड-दोन हजारांचे बिननावाचे कॅमेरेही ऑनलाइन दिसतात. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

तिसरी पायरी गोप्रो किंवा डीजेआय यांच्या कॅमेऱ्यांची. नवे घेतले तर खिसा बराच हलका होतो. पण दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल, ओळखीच्या माणसाकडून वापरलेलं मिळालं, तर चित्राची स्थिरता खूपच चांगली मिळते. वापरलेला कॅमेरा घेताना बॅटरी फुगली नाही ना आणि लेन्सवर ओरखडे नाहीत ना, एवढं उजेडात तपासा.

चौथी पायरी खास सायकलसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांची. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सुरू झालेल्या सायक्लिक कंपनीचा 'फ्लाय-६' हा मागचा लाल दिवा आणि कॅमेरा एकाच डबीत घेऊन आला. गार्मिनने २०२२ मध्ये आणलेल्या 'व्हेरिया' मॉडेलमध्ये दिवा, कॅमेरा आणि रडार तिन्ही आहेत. मागून येणारं वाहन सुमारे १४० मीटरवर असतानाच ते सूचना देतं. किंमत अमेरिकेतच चारशे डॉलरच्या घरात. परदेशात राहणारी, रोज सायकलने कामाला जाणारी भाची-पुतणे मंडळी याचा विचार करू शकतात. गावातल्या शाळेच्या सायकलसाठी हे नव्हे.

मोटारीचा डॅशकॅम सायकलला चालेल का, असंही काही जण विचारतात. पॉवर बँक जोडली तर चालतो. पण तो काचेच्या आत बसण्यासाठी बनलेला असतो, पावसाची त्याला सवय नसते.

'फोर-के'च्या मोहात पडण्याआधी

दुकानदार सांगतो, "साहेब, फोर-के आहे, एकशे सत्तर डिग्री आहे." ऐकायला छान वाटतं. पण आपलं काम नंबर वाचण्याचं आहे. तेव्हा एक सोपा हिशेब करून बघू. घरातल्या दहावीच्या मुलालाही तो करायला द्या, आवडेल.

मोटारीची उच्च सुरक्षा नंबर पाटी ५०० मिलिमीटर रुंद असते. समजा, ती तुमच्यापासून ५ मीटरवर आहे. तिथून ती डोळ्यांपुढे पावणेसहा अंशांएवढी जागा व्यापते. साध्या 'फुल एचडी' व्हिडिओत आडवे १९२० ठिपके असतात. कॅमेऱ्याने १२० अंशांचं दृश्य घेतलं, तर एका अंशाला १६ ठिपके आले. म्हणजे पूर्ण पाटीला सुमारे ९० ठिपके आणि दहा अक्षरांपैकी प्रत्येकाला नऊ. एवढ्यात नंबर कसाबसा वाचता येतो.

आता तीच गाडी १० मीटरवर गेली, की प्रत्येक अक्षराला चार-पाच ठिपके उरतात. नंबर गेला. आणि १७० अंशांचं रुंद दृश्य निवडलंत, तर ५ मीटरवरसुद्धा अक्षराला सहा-सातच ठिपके मिळतात. जितकं जास्त रुंद, तितकी पाटी बारीक. म्हणून सेटिंगमध्ये 'वाइड'ऐवजी 'मीडियम' निवडा.

खऱ्या फोर-केमध्ये ठिपके दुप्पट मिळतात, हे खरं. पण अगदी स्वस्त कॅमेऱ्यांत फोर-के बऱ्याचदा नावापुरतं असतं. आतला सेन्सर कमी ठिपक्यांचं चित्र घेतो आणि कॅमेरा ते ताणून मोठं करतो. त्याला 'इंटरपोलेटेड' म्हणतात. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत हा शब्द दिसला, तर फोर-केचे जास्तीचे पैसे देऊ नका. त्याच पैशांत चांगली फुल एचडी बरी.

दुसरा हिशेब वेळेचा. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि मोटार ६० ने तुम्हाला ओलांडून गेली. ती तुमच्यापुढे दहा मीटर जायला एक सेकंदसुद्धा लागत नाही, फक्त ०.८ सेकंद. सेकंदाला ३० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढ्या वेळात चोवीस चित्रं येतात, ६० घेणाऱ्यात अठ्ठेचाळीस. खड्ड्यात हादरून त्यातली निम्मी फुसकट निघाली, तरी एखादं नितळ मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून कॅमेरा घेताना 'फुल एचडी, ६० फ्रेम' आणि चित्र स्थिर ठेवण्याची सोय आहे का, हे आधी विचारा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुमचा आवाज. कुणी अगदी खेटून गेलं किंवा धक्का मारून पळालं, तर नंबर दिसताक्षणी मोठ्याने म्हणा. कॅमेऱ्यातला माइक तो ऐकतो. चित्र धूसर निघालं, तरी त्या क्षणी तुम्ही उच्चारलेले आकडे फाइलमध्ये राहतात.

कुठे आणि कसा बसवाल?

एकच कॅमेरा असेल, तर तो पुढे हँडलवर बसवा. ओलांडून गेलेल्या गाडीची मागची पाटी, समोरून चुकीच्या बाजूने येणारं वाहन, अचानक उघडलेलं मोटारीचं दार, सगळं त्यात येतं. दुसरा परवडला, तर सीटखालच्या दांड्यावर मागे तोंड करून लावा. पाठीमागून येणारी गाडी कशी आली, हे तोच सांगू शकतो.

क्लॅम्प आणि हँडल यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. पंक्चरवाला तो हसत हसत फुकट देईल. त्याने क्लॅम्प फिरत नाही आणि हादरेही कमी होतात. शिवाय कॅमेऱ्याला एक बारीक मजबूत दोरी बांधून ती हँडलला अडकवा. क्लॅम्प तुटलाच, तर कॅमेरा लॉरीच्या चाकाखाली जाणार नाही. ब्रेकच्या वायरी, घंटी आणि पुढचा दिवा यांच्या आड काही येत नाही ना, ते बघा.

हेल्मेटवर कॅमेरा लावायचा मोह होतो. पण डोक्यावर कडक, पुढे आलेली वस्तू आपण होऊन कशाला बांधायची? हँडलच बरं.

पाऊस आपल्याकडे जूनमध्ये येतो. कावेरीच्या खोऱ्यात त्याचा जोर ऑक्टोबरनंतर. डबीत वाफ धरून काच धूसर होते. औषधाच्या किंवा चपलांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची छोटी पुडी डबीत मावत असेल तर ठेवा. बंद डबीत आवाज दबतो, म्हणून कोरड्या दिवसांत डबी काढून नुसत्या चौकटीत कॅमेरा लावा.

पाच मिनिटांची तयारी

घड्याळ : स्वस्त कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली, की त्याची तारीख मागे जाते. मग अपघात आजचा आणि व्हिडिओवर तारीख भलतीच. दर रविवारी तारीख-वेळ तपासा.

लूप : 'लूप रेकॉर्डिंग' तीन किंवा पाच मिनिटांवर ठेवा. कार्ड भरलं, की जुने तुकडे पुसून नवे लिहिले जातात. तुम्हाला रोज काही करावं लागत नाही.

धक्क्याचा सेन्सर : धक्का बसला की फाइल कुलूपबंद करायची सोय काही कॅमेऱ्यांत असते. ती मोटारीसाठी ठीक आहे. सायकलवर प्रत्येक खड्डा म्हणजे धक्का. चार दिवसांत कार्ड कुलूपबंद फायलींनी भरतं आणि नवं रेकॉर्डिंग थांबतं. ती सोय बंद ठेवा किंवा सगळ्यात कमीवर आणा.

कार्ड : फुल एचडीला तासाला साधारण सहा-सात जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात नऊ तास मावतात, रोजच्या ये-जा साठी पुरेसे. कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचं, खात्रीच्या दुकानातून घ्या. महिन्यातून एकदा ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

उजेड : नव्या नंबर पाट्या प्रकाश परावर्तित करतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना त्या सक्तीच्या आहेत. रात्री दिव्यात त्या कॅमेऱ्याला नुसत्या पांढऱ्या दिसतात. एक्सपोजर अर्ध्या-एका पायरीने खाली आणलं, तर अक्षरं थोडी उमटतात. तरीही स्वस्त कॅमेऱ्याकडून रात्री फार अपेक्षा ठेवू नका.

बॅटरी : एका बॅटरीवर तास-दीड तास मिळतो असं धरा. एक जादा बॅटरी खिशात ठेवा.

अपघात झालाच, तर

आधी माणूस, मग कॅमेरा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. हे दोन्ही क्रमांक महाराष्ट्रातही चालतात आणि तमिळनाडूतही.

तमिळनाडूत १८ डिसेंबर २०२१ पासून एक चांगली योजना आहे. रस्ते अपघातात जखमी झालेल्या कुणालाही, तो कुठल्याही राज्याचा असो, पहिल्या ४८ तासांत नेमलेल्या रुग्णालयांत मोफत उपचार मिळतात. कुंभकोणमला यात्रेसाठी निघालेल्यांनी हे घरी सांगून ठेवावं. २०२५ पासून केंद्र सरकारनेही सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या बिनापैशाच्या उपचारांची योजना देशभर लागू केली आहे. आणि जखमीला मदत करणाऱ्या माणसाला त्रास देता येणार नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ सांगतं. म्हणून रस्त्यावर कुणी पडलेलं दिसलं, तर घाबरून पुढे जाऊ नका.

जखमीची सोय झाली, की लगेच कॅमेरा बंद करा. हे महत्त्वाचं आहे. तो चालूच राहिला, तर लूपमध्ये नेमका तोच तुकडा पुसला जाऊ शकतो. मग कार्ड बाहेर काढा, कागदात गुंडाळा, त्यावर तारीख लिहा आणि कुणाला देऊ नका. घरी गेल्यावर त्याची एक प्रत संगणकात घ्या. मूळ कार्डावर पुन्हा रेकॉर्डिंग करू नका.

इथे बरेच जण चूक करतात. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालतात. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, ठिपके कमी होतात आणि जो नंबर वाचता येत होता तो जातो. वर मूळ फाइलही उरत नाही.

कोर्टात हा व्हिडिओ चालतो का?

चालतो, पण नियमाने. आणि हा नियम पक्का करणारा खटला आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचे उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले की नाही, यावरून वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून आलं. हा खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर कायद्यातलं प्रमाणपत्र सोबत हवंच. पण ज्या उपकरणात मूळ नोंद झाली तेच उपकरण घेऊन त्याचा मालक साक्षीला उभा राहिला, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणूनच ते मूळ कार्ड आणि तो कॅमेरा जपून ठेवायचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांत दिला आहे. एक भाग व्हिडिओ देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला, तरी ठसा बदलतो. त्यामुळे व्हिडिओला संगीत लावू नका, कापू नका, त्यावर लाल बाण काढू नका. काही दाखवायचं असेल, तर वेगळ्या प्रतीवर दाखवा. बाकीचं वकील आणि पोलीस सांगतील.

त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. परगावी अपघात झाला असेल, तर कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते.

अपघात झाला नाही, पण कुणी धोकादायक गाडी चालवली, तर? दिल्लीत डिसेंबर २०१५ मध्ये आणि गोव्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये 'ट्रॅफिक सेंटिनल' योजना आली. नागरिकांनी पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंवरून पोलीस कारवाई करू लागले. पुण्याच्या वाहतूक पोलिसांनीही २०२५ मध्ये अशा तक्रारींसाठी ॲप आणलं. ब्रिटनमध्ये नॉर्थ वेल्स पोलिसांनी २०१६ मध्ये 'ऑपरेशन स्नॅप' सुरू केलं. तिथे सायकलस्वारांचे व्हिडिओ सरळ पोलिसांकडे जातात. सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवा, असं तिथल्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून लिहिलेलं आहे.

कॅमेरा म्हणजे काठी नव्हे

कॅमेरा आला, की माणसाला उगीच बळ आल्यासारखं वाटतं. "माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे" म्हणत लॉरीवाल्याशी भर रस्त्यात भांडायला उभे राहू नका. सायकल आणि लॉरी यांच्या भांडणात सायकल कधीच जिंकत नाही. जाऊ द्या, घरी जा, मग तक्रार करा.

व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकायचाच असेल, तर लोकांचे चेहरे आणि नंबर झाका. रस्त्यात शाळेची मुलं येतात, बायका येतात, त्यांनी तुमच्या चॅनेलवर यायला होकार दिलेला नाही. जखमी माणसाचं चित्र तर कुणालाच पाठवू नका. त्याच्या घरच्यांना बातमी आधी फोनवर कळायला हवी, व्हिडिओतून नव्हे.

आणि लक्षात ठेवा, कॅमेरा दोन्ही बाजू बघतो. तुम्ही लाल दिवा तोडलात किंवा उलट्या बाजूने गेलात, तर तेही त्यात येतं. एका अर्थी हे चांगलंच. कॅमेरा लावलेला माणूस स्वतःही नीट चालवायला लागतो.

आधी दिवा, मग कॅमेरा

आता शेवटची आणि खरी गोष्ट. तुमच्याकडे हजार रुपये असतील, तर कॅमेरा घेऊ नका. मागचा लाल लुकलुकता दिवा घ्या, पुढचा पांढरा दिवा घ्या, मडगार्डला आणि दप्तराला चमकणारी पट्टी लावा, ब्रेकचे रबर बदला. अजून पैसे उरले, तर हेल्मेटसाठी ठेवा. कॅमेरा घडलेलं सांगतो. दिवा घडू देत नाही. हे सगळं झालं, की मग पाच हजारांचा विचार करा.

प्रत्येक मुलाच्या सायकलला कॅमेरा लागणार नाही, ते शक्यही नाही. पण एकाच गावाहून शाळेला जाणारी दहा मुलं एकत्र, एकामागे एक निघाली आणि त्यांतल्या शेवटच्या सायकलवर, किंवा सोबत जाणाऱ्या एखाद्या सरांच्या सायकलवर एक कॅमेरा असला, तर तो दहांचाही साक्षीदार होतो. पालकांनी मिळून वर्गणी काढली, तर प्रत्येकी पाचशे रुपये. गणपतीची वर्गणी काढणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघड नाही.

उद्या सकाळी तुमच्या घरातली सायकल बाहेर निघेल, तेव्हा ती एकदा मागून बघा. अंधारात, वीस पावलांवरून. ती तुम्हाला दिसते का? नसेल दिसत, तर कामाची सुरुवात तिथून करा. कॅमेऱ्याचा विषय त्यानंतर, संध्याकाळच्या चहाला सगळे बसले की काढा.